आधी पूर्वेला तोंड करा: बायबलमधल्या दिशा कशा वाचायच्या

मागच्या पावसाळ्यात नागपुरातल्या आमच्या रविवारच्या वाचनगटात एक ताई नव्याने येऊ लागल्या. दोन रविवार नुसत्या ऐकत बसल्या. तिसऱ्या रविवारी चहा घेताना म्हणाल्या, "भाऊ, बेसा रोडला फ्लॅट पाहिला. सगळं पटलं, पण दार दक्षिणेला आहे. सासूबाई नको म्हणतात. आपल्या शास्त्रात दक्षिणेबद्दल काही लिहिलंय का हो?"

शेजारच्या एकाने "बायबलात असलं काही नसतं" म्हणून विषय मिटवला. मला ते उत्तर पटलं नाही. एदेन बागेच्या दारापासून प्रकटीकरणातल्या नगरीच्या वेशींपर्यंत बायबलात दिशा जागोजागी आहेत. मात्र कोणती दिशा लाभते आणि कोणती बाधते याचा तक्ता तिथे मिळणार नाही. तिथे दिशेला अर्थ येतो तो जमिनीमुळे, वाऱ्यामुळे आणि त्या वाटेने कोण आलं, कोण गेलं यामुळे. त्या ताईंसारख्या नव्याने वाचू लागलेल्यांसाठी हे लिहितो आहे. जवळ मराठी पवित्र शास्त्र, एक कोरा कागद, पेन्सिल आणि शाळेतला जुना अ‍ॅटलास असला म्हणजे झालं.

पहिली पायरी: सकाळी गच्चीवर जा

सूर्य उगवताना त्याच्याकडे तोंड करून उभे राहा. आता पूर्व तुमच्या समोर आहे, पश्चिम पाठीमागे, दक्षिण उजव्या हाताला आणि उत्तर डाव्या हाताला. (सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२३ तारखांच्या आसपास. जूनमध्ये तो ईशान्येकडे सरकलेला असतो, डिसेंबरमध्ये आग्नेयेकडे. सरावापुरतं तेवढं चालेल.)

जुन्या कराराची हिब्रू भाषा अशीच उभी आहे. पूर्वेला ती 'केदेम' म्हणते, म्हणजे समोरचं. 'आखोर' म्हणजे मागचं, पश्चिम. 'यामीन' म्हणजे उजवा हात, आणि तोच शब्द दक्षिणेलाही. 'स्मोल' म्हणजे डावा, आणि उत्तर. याकोबाच्या धाकट्या मुलाचं नाव बन्यामीन, म्हणजे उजव्या हाताचा पुत्र. त्याच नावाचा 'दक्षिणेचा पुत्र' असाही अर्थ निघतो.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्या दिशांची नावं संस्कृतातून आली आणि तीही पूर्वेला तोंड करूनच ठेवलेली आहेत. 'दक्षिण' म्हणजे उजवा. म्हणून तर देवाला उजव्या हाताला ठेवून फिरण्याला प्रदक्षिणा म्हणतात. 'पश्चिम' हा 'पश्चात'च्या घरातला शब्द, मागचा. 'पूर्व' म्हणजे आधीचा, पुढचा. उत्तर तेवढी निराळी, ती 'वरची'. आणि 'पूर्वी' हा शब्द आपण रोज वापरतो: पूर्वी इथे शेत होतं, पूर्वी विहिरीला पाणी असायचं. हिब्रूतल्या 'केदेम'चंही तसंच आहे. त्याचा अर्थ पूर्व दिशाही होतो आणि फार जुना काळही. देवाने एदेनात पूर्वेकडे बाग लावली (उत्पत्ती २:८) हे वाक्य हिब्रूत वाचणाऱ्याला 'पूर्वेकडे' आणि 'पूर्वी' हे दोन्ही एकदमच ऐकू येतं. मराठीत ते जितकं सहज पोचतं तितकं फार थोड्या भाषांत पोचत असेल.

गच्चीवरून उतरण्याआधी ईयोब २३:८-९ मोठ्याने वाचा. ईयोब म्हणतो, मी पुढे जातो तर देव तिथे नाही, मागे जातो तर दिसत नाही, डावीकडे तो काम करतो पण मला आढळत नाही, उजवीकडे तो लपतो. प्रत्येक शब्दाला त्या त्या बाजूला मान वळवा. ईयोब चारही दिशांना देव शोधतो आहे, हे मग समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी पायरी: झिरो माइल हलवा

नागपूरकराला दिशांची सवय असते. आपले विधानसभेचे मतदारसंघसुद्धा पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण, मध्य आणि दक्षिण-पश्चिम अशा नावांचे. शिवाय आपल्याकडे झिरो माइल आहे, १९०७ सालचा तो दगड, बाजूचा खांब आणि घोडे. अंतरं मोजायची तर कुठून तरी मोजावी लागतात, हे तो खांब बघत मोठ्या झालेल्या पोरालाही कळतं.

बायबलचा झिरो माइल यरुशलेम आहे. यहेज्केल ५:५ मध्ये देव म्हणतो की मी या नगरीला राष्ट्रांच्या मधोमध ठेवलं आहे. तेव्हा वाचायला बसताना मनातला तो खांब उचलून तिथे नेऊन रोवायचा. बहुतेक चुका हे न केल्याने होतात.

वाऱ्याचंच बघा. आपल्याकडे नवतपात अंग भाजून काढणारा वारा येतो तो पश्चिमेकडून, वायव्येकडून. आणि पावसाळ्यात विदर्भाला झोडपणारा पाऊस बऱ्याचदा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यासोबत पूर्वेकडून येतो. यरुशलेमात अगदी उलट आहे. तिथे पश्चिमेला समुद्र आहे, ओलावा तिकडून येतो; पूर्वेला वाळवंट आहे, भाजणारा वारा तिकडून सुटतो. लूक १२:५४-५५ मध्ये येशू लोकांना म्हणतो की पश्चिमेला ढग दिसला की तुम्ही लगेच पाऊस येणार म्हणता आणि दक्षिणेचा वारा सुटला की उकाडा होणार म्हणता. तो तिथल्या शेतकऱ्याचा रोजचा अंदाज होता. आपल्या वाऱ्यांवरून त्या ओळी वाचल्या तर त्या उलट्या लागतात.

कागदावर नकाशा काढा, पण पूर्व वर ठेवून. छापील नकाशा समोर असेल तर पुस्तक डावीकडे पाव फेरा फिरवा. मधे यरुशलेम. वर यार्देन नदी, मृत समुद्र आणि त्यापलीकडे वाळवंट. खाली भूमध्य समुद्र. उजवीकडे नेगेबचा कोरडा प्रदेश आणि लांबवर सीनाय. डावीकडे गालील, लेबानोन आणि मोठ्या फौजांची वाट. हा कागद बायबलातच ठेवून द्या, पुढे सतत लागेल.

तिसरी पायरी: पूर्व

इथे घाई करू नका. पूर्वेला दोन आठवडे दिले तरी थोडेच.

उत्पत्तीपासून सुरू करा आणि 'पूर्व' दिसेल तिथे खूण करत जा. आदाम-हव्वेला बाहेर काढल्यावर करूब, म्हणजे देवाचे पंखवाले पहारेकरी, उभे राहतात ते बागेच्या पूर्वेला (३:२४). काइन परमेश्वरासमोरून निघून एदेनच्या पूर्वेला नोद देशात राहतो (४:१६). लोट यार्देनेचा हिरवागार सपाट प्रदेश पाहतो, तो त्याला परमेश्वराच्या बागेसारखा वाटतो, आणि तो पूर्वेकडे निघतो. तिथून सदोम लांब नाही (१३:१०-१३). खुणा एकाखाली एक आल्या की दिसतं: या पुस्तकात माणूस देवापासून दूर जातो तेव्हा बहुधा पूर्वेकडे जातो.

आता निर्गम २७ उघडा आणि निवासमंडपाचं, म्हणजे रानातल्या प्रवासात इस्राएलाने देवासाठी उभारलेल्या तंबूचं अंगण कागदावर काढा. लांबी १०० हात, रुंदी ५० हात. पूर्वेच्या ५० हातांत दोन्ही कडांना १५-१५ हातांचे पडदे आणि मधे २० हातांचं फाटक. दार फक्त पूर्वेलाच, आणि परमपवित्रस्थान सगळ्यात आत, पश्चिमेला. म्हणजे भक्त फाटकातून शिरला की त्याची पावलं पश्चिमेकडे पडतात. आदाम ज्या बाजूने बाहेर पडला, त्याच बाजूने हा परत आत चालला आहे. आतल्या पडद्यावर करूब विणलेले आहेत (२६:३१), तेच, बागेच्या दारातले. माझ्या हाताने हे अंगण पहिल्यांदा काढलं तेव्हा मी बराच वेळ पेन्सिल खाली ठेवू शकलो नाही. पडदे, खुंट्या आणि हातांची मोजमापं यांचा तो अध्याय मी वर्षानुवर्षं पानं उलटून टाळला होता.

भक्त आत जाताना उगवता सूर्य त्याच्या पाठीशी असतो, हेही लक्षात घ्या. यहेज्केल ८:१६ मध्ये नेमकं याच्या उलट घडतं: सुमारे २५ माणसं मंदिराकडे पाठ आणि पूर्वेकडे तोंड करून सूर्याला नमन करताना संदेष्ट्याला दिसतात. पूर्व तीच, मंदिर तेच. फक्त तोंड आणि पाठ यांची अदलाबदल झाली. म्हणून कोणतीही दिशा आली की आधी हे विचारा: तोंड कुठे आहे आणि पाठ कुणाकडे आहे?

यहेज्केलातच पुढे वाचत राहा. परमेश्वराचं तेज मंदिर सोडतं, पूर्वेच्या वेशीशी थांबतं, मग नगरीच्या पूर्वेच्या डोंगरावर जाऊन उभं राहतं (१०:१९, ११:२३). ते निघून जातं, पण थबकत, मागे वळून बघितल्यासारखं. आणि ४३:२ मध्ये ते पूर्वेकडूनच परत येतं. ज्या वाटेने माणूस हद्दपार झाला, त्याच वाटेने देव परततो. यरुशलेमच्या पूर्वेचा डोंगर म्हणजे जैतूनांचा डोंगर. जखऱ्या १४:४ आणि प्रेषितांची कृत्ये १:११-१२ आता या क्रमात लावून बघा. बाळ येशूला शोधत मागी लोक, म्हणजे ज्ञानी, पूर्वेकडून आले (मत्तय २:१), मनुष्याच्या पुत्राचं येणं पूर्वेकडून निघून पश्चिमेपर्यंत चमकणाऱ्या विजेसारखं (मत्तय २४:२७), हेही त्याच धाग्यातलं.

यहेज्केल ४७ साठी मात्र अंबाझरीच्या बांधावर जा. आपली नाग नदी पश्चिमेच्या लाव्याच्या टेकड्यांकडून येते आणि शहर ओलांडून पूर्वेकडे जाते. यहेज्केलाची नदीही पूर्वेकडे वाहते, मंदिराच्या उंबरठ्याखालून निघून. दर हजार हातांवर तो पाणी मोजतो: घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, मग पोहण्याइतकं. वाटेत तिला दुसरी नदी मिळाल्याचा उल्लेख नाही, तरी ती वाढत जाते, आणि मृत समुद्राला पोचली की त्याचं खारं पाणी निरोगी होतं, मासे येतात, काठावर दर महिन्याला फळणारी झाडं उभी राहतात. आपली नाग शहरातून जाता जाता काय होते ते पुलावरून रोज दिसतं. गटातल्या पोरांना मी दोन्ही नद्या शेजारी शेजारी काढायला सांगतो. एक पूर्वेकडे जाताना मळत जाते, दुसरी जिथे जाते तिथलं मेलेलं जगवते.

पूर्वेचा वारा हा वेगळा विषय, पण त्याला खूण वेगळ्या रंगाने करा. फारोच्या स्वप्नातली कणसं त्यानेच करपतात (उत्पत्ती ४१:६), टोळ तोच आणतो (निर्गम १०:१३), योनाच्या डोक्यावरचं ऊन तोच असह्य करतो (योना ४:८). आणि तांबड्या समुद्राचं पाणी रात्रभर मागे हटवणाराही तोच आहे (निर्गम १४:२१). पिकाला जाळणारा वारा गुलामांसाठी वाट कोरडी करतो.

चौथी पायरी: पश्चिम

पश्चिम लवकर होते. हिब्रूत तिला बऱ्याचदा नुसतं 'याम' म्हणतात, म्हणजे समुद्र. पाऊस तिकडून: एलीयाच्या सेवकाला दिसलेला तळहाताएवढा ढग समुद्रातूनच वर येतो (१ राजे १८:४४). टोळांना उडवून नेणारा वाराही पश्चिमेचाच (निर्गम १०:१९). पळ काढणाराही तिकडेच जातो. योनाला जायचं होतं निनवेला, खुष्कीने पूर्वेकडे. त्याने याफोला जाऊन तार्शीशचं जहाज धरलं. पूर्व वर असलेल्या कागदावर त्याची वाट काढा, तो सरळ खाली घसरत जाताना दिसेल.

आणि स्तोत्र १०३:१२: पूर्व पश्चिमेपासून जितकी दूर, तितके आपले अपराध त्याने दूर केले. उत्तरेकडे चालत राहिलं तर कधीतरी ध्रुव येतो आणि दक्षिण सुरू होते; पूर्वेकडे चालणाऱ्याला पश्चिम कधीच गाठता येत नाही. स्तोत्रकाराच्या मनात पृथ्वीचा गोल होता असं मी म्हणणार नाही. त्याच्यासमोर सूर्योदयाची कडा आणि समुद्राची कडा होती. तेवढंही पुरेसं आहे.

पाचवी पायरी: उत्तर

इथे नवखे हमखास अडखळतात. यिर्मया १:१३-१४ मध्ये उत्तरेकडून कललेली उकळती कढई दिसते आणि उत्तरेकडून अरिष्ट येईल असं सांगितलं जातं. अरिष्ट म्हणजे बाबेल (बॅबिलोन). नकाशावर बघा तर बाबेल यरुशलेमच्या जवळजवळ सरळ पूर्वेला! मग उत्तर का?

कारण मधे वाळवंट आहे. हजारोंची फौज, घोडे आणि बैल घेऊन ते ओलांडता येत नाही. फरात नदीच्या काठाने वर जायचं, सुपीक पट्ट्याने वळसा घालायचा आणि मग उत्तरेकडून कनानात उतरायचं, हीच वाट. अब्राहामही ऊरहून हारानमार्गे असाच आला. इ.स.पू. ७२२ मध्ये उत्तरेच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन घेणारे अश्शूरी तिकडूनच आले आणि इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम जाळणारे बाबेलीही. शत्रू राहतो कुठे यापेक्षा गावकऱ्याला तो वेशीवर कुठून दिसतो, हे महत्त्वाचं.

उत्तरेचा दुसरा पदर याहून जुना आहे. आजच्या सीरिया आणि तुर्कस्तानच्या सीमेवर त्साफोन नावाचा डोंगर आहे. कनानी लोक तिथे बआल या आपल्या देवाचं ठाणं मानत, आणि हिब्रूत उत्तरेला 'त्साफोन'च म्हणतात. यशया १४:१३ मध्ये बाबेलचा राजा म्हणतो की मी अगदी उत्तरेकडच्या, देवांच्या सभेच्या डोंगरावर बसेन. आणि स्तोत्र ४८:२ तीच 'उत्तरेची कड' यरुशलेमच्या सीयोन डोंगराला देऊन टाकतं, म्हणजे खरं सिंहासन कुठे आहे ते शेजाऱ्यांच्याच शब्दांत सांगतं. यहेज्केलालाही पहिलं दर्शन उत्तरेकडून येणाऱ्या वादळातच होतं (१:४).

तेव्हा 'उत्तर म्हणजे वाईट' असं वहीत लिहू नका. यिर्मयाच ३:१२ मध्ये उत्तरेकडे तोंड करून 'परत या' असं पुकारतो, आणि ३१:८ मध्ये त्याच उत्तर देशातून आंधळे, लंगडे आणि गरोदर बाया घरी परतताना दिसतात.

सहावी पायरी: दक्षिण, आणि ताईंचं दार

आपल्याकडे दक्षिण ही यमाची दिशा, आणि ही धास्ती आपण नकळत बायबलातही घेऊन जातो. तिथे मात्र दक्षिणेचा पहिला अर्थ आहे कोरडेपणा. 'नेगेब' हा शब्दच कोरड्या भूमीचा. आणि या कोरड्या बाजूनेच देव येतो. हबक्कूक ३:३: देव तेमानाहून येतो, पवित्र प्रभू पारान डोंगरावरून. अनुवाद ३३:२ आणि शास्ते ५:४-५ हेच सांगतात: सीनाय, सेईर, पारान, सगळी दक्षिणेची ठिकाणं. कारण इस्राएलाला देवाची ओळख झाली ती दक्षिणेच्या रानात, पाणी नसलेल्या जागी. स्तोत्र १२६:४ मध्ये बंदिवासातून परतणाऱ्यांची प्रार्थना आहे ती नेगेबातल्या ओढ्यांसारखं आम्हांला परत आण अशी. वर्षभर ठणठणीत कोरडे पडलेले ते ओढे एका पावसात दुथडी भरून वाहतात.

ताईंना मी हबक्कूक काढून दिलं आणि म्हणालो, घर घ्यायचं की नाही ते पाणी, हवा, हप्ता बघून तुम्ही आणि घरच्यांनी ठरवा. पण दक्षिणेच्या दाराने देव येत नाही असं हे पुस्तक म्हणत नाही. सासूबाईंशी वाद घालू नका, हे पान त्यांच्यासोबत बसून वाचा. स्तोत्र ७५:६-७ ही वाचा, तिथे माणसाची उन्नती पूर्वेकडूनही येत नाही आणि पश्चिमेकडूनही नाही, न्याय करणारा देव आहे.

सातवी पायरी: चारही एकत्र, आणि कुठे थांबायचं

गणना २ वाचून छावणी काढा: पूर्वेला यहूदा, दक्षिणेला रऊबेन, पश्चिमेला एफ्राईम, उत्तरेला दान, मधे निवासमंडप. मग प्रकटीकरण २१:१३ शेजारी ठेवा: पूर्वेला तीन वेशी, उत्तरेला तीन, दक्षिणेला तीन, पश्चिमेला तीन. निवासमंडपाला एकच दार होतं, पूर्वेला. इथे चारही बाजू उघड्या, आणि २१:२५ प्रमाणे त्या वेशी कधी बंदच होत नाहीत.

पण प्रत्येक दिशेत गूढ शोधू नका. यहोशवा १५ मधल्या सीमा म्हणजे खरेदीखतातली चतुःसीमा. अमक्या ओढ्यापासून तमक्या टेकडीपर्यंत, एवढंच. तिथे अर्थ कोंबला तर पुढे जिथे खरोखर अर्थ आहे तिथलं वाचनही विश्वासाचं राहत नाही.

आठवी पायरी: चर्चमध्ये जाऊन बघा

पहिल्या शतकांतले ख्रिस्ती लोक पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करत, इ.स. २०० च्या सुमारास तेर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने लिहिलं आहे की यामुळे लोक त्यांना सूर्यपूजक समजत. पुढे अनेक चर्चची वेदी पूर्वेला ठेवण्याची आणि मृताला पाय पूर्वेकडे करून पुरण्याची प्रथा पडली, उठेल तेव्हा तोंड येणाऱ्या प्रभूकडे असावं म्हणून. ही परंपरा आहे, नियम नव्हे. रोममधल्या सेंट पीटर्सचं प्रवेशद्वार पूर्वेला आणि वेदीची बाजू पश्चिमेला आहे.

सदरला ऑल सेंट्स कॅथेड्रल आणि सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल दोन्ही आहेत. उपासना संपल्यावर, कुणाला अडचण होणार नाही असं बघून, दारात उभं राहून फोनचं होकायंत्र लावा. चुंबक असलेलं कव्हर काढून ठेवा, लोखंडी फाटकापासून लांब उभे राहा. वेदी कुठे, दार कुठे, सकाळचं ऊन कोणत्या खिडकीतून येतं ते लिहून घ्या. आपल्या नेहमीच्या चर्चचंही तसंच करा.

घरी येऊन लूक १३:२९ काढा. पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण इथून लोक येतील आणि देवाच्या राज्यात पंक्तीला बसतील. आता अ‍ॅटलासमध्ये यरुशलेमवर बोट ठेवा आणि उजवीकडे, थोडं खाली सरकवत आणा. अरबस्तान जाईल, अरबी समुद्र जाईल, आणि बोट विदर्भावर येईल. तिथे पेन्सिलने एक ठिपका द्या आणि शेजारी लिहा: पूर्वेकडून.